ॲलर्जीच्या रकान्यातलं 'निल'

निपाणीकडच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये दोन वर्षं स्टाफ नर्स असलेल्या मुलीचा लांबलचक प्रश्न आलाय. थोडक्यात सांगते. रात्री पावणेअकराला तापानं फणफणलेली एक म्हातारी, विडी कामगार, ॲडमिट झाली. डॉक्टरांनी फोनवर सेफट्रायझोन हे अँटिबायोटिक एक ग्रॅम शिरेतून द्यायला सांगितलं, हिनं दिलं. पाच-सात मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, बीपी घसरलं. हिनं लगेच ॲड्रिनलिन दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर येईपर्यंत म्हातारी सावरली होती. सकाळी सून म्हणाली, "आत्याबाईंना आदी एकदा सुई सोसली नव्हती, मी मावशीला सांगितलंवतं की." मावशी म्हणजे वॉर्डातली आया, कन्नड बोलणारी, त्यामुळे तो निरोप तिथंच जिरला. आता डॉक्टर म्हणतात, मी असं इंजेक्शन सांगितलंच नव्हतं. व्यवस्थापन म्हणतं, ते पान नव्यानं लिहून काढ. भरीला कन्नडमधल्या संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून हिचीच सही. "अक्का, यात माझी जबाबदारी किती? की हे सोडून सरळ कोल्हापूरला नोकरी धरू?"

पोरी, आधी तातडीचं सांगते, कायद्याचं मग. ते पान लिहू नकोस. कुणीही सांगितलं, पगार अडवतो म्हटलं, तरी लिहू नकोस. चूक झाली तर तिच्यावर कायद्यात काही ना काही उत्तर असतं, पण बदललेल्या पानाला उत्तर नसतं. एकदा का केसपेपरमध्ये फिरवाफिरव दिसली की ग्राहक आयोग असो वा कोर्ट, तुझ्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि सुनेच्या मोबाईलमध्ये जुन्या पानाचा फोटो नसेलच हे तुला कुणी सांगितलं? आजकाल नातेवाईक रोज सकाळी चार्टचे फोटो काढून मुंबई-पुण्याच्या जावयाला पाठवतात. शिवाय रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

काही लिहायचं राहिलं असेल तर ते आजच्या तारखेनं, आजच्या वेळेनं, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट म्हणून खाली लिही. जुन्या ओळीवर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि वेळ. व्हाइटनर नाही, गिरवागिरव नाही. मग स्वतःचं निवेदन वेगळ्या कागदावर तयार कर: फोन किती वाजता आला, डॉक्टरांचे शब्द काय होते, इंजेक्शन किती वाजता, पहिलं लक्षण कधी, ॲड्रिनलिन कधी. 'मला वाटलं', 'बहुतेक' हे शब्द नकोत. ते इन्चार्जना दे आणि पोचीची सही घे. फोनच्या कॉल-लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेव, तो तुझ्याच फोनचा आहे. केसपेपर मात्र घरी नेऊ नकोस, त्याचे फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर तर अजिबात नकोत. दुसऱ्यानं टाइप करून आणलेल्या कागदावर सही मागतील. "वाचून उद्या देते" म्हणायचं आणि खरंच वाचायचं.

आता तुला न आवडणारं. डॉक्टर शब्द फिरवतात हा त्यांचा दोष. पण ॲडमिशन फॉर्मवर ॲलर्जीच्या रकान्यात 'निल' कुणी लिहिलं? तू पत्रात एका ओळीत उरकलंयस, "मी नेहमीप्रमाणे निल लिहिलं." त्या 'नेहमीप्रमाणे'पाशी मी थांबले. तू विचारलं नव्हतंस. सून तिथंच, म्हातारीच्या उशाशी होती. मावशीला जे सांगितलं ते तिनं तुलाही सांगितलं असतं, एका प्रश्नाचा अवकाश होता.

हे तुला टोचायला लिहीत नाही. आपल्यातल्या पुष्कळ जणी मनात धरून असतात की नर्सची जबाबदारी म्हणजे डॉक्टरांच्या जबाबदारीची शेपटी. ऑर्डर त्यांची, आपण फक्त हात. कायदा तसं बघत नाही. ऑर्डर चूक असेल तर ती देणाऱ्याची चूक. पण ऑर्डर पाळण्याआधी एका प्रशिक्षित नर्सनं जे बघायला, विचारायला हवं ते न बघणं ही नर्सची स्वतःची चूक, डॉक्टर कितीही मोठे असोत. म्हणूनच आपलं नाव कर्नाटक नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत वेगळं असतं, १९६१ च्या राज्य कायद्याखाली, डॉक्टरांच्या नावाला जोडून नव्हे. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला, त्यातही नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी वेगळं मंडळ आहे.

मग तुला काय होऊ शकतं? तीन वाटा असतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार होऊ शकते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलंय, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तिथं नुकसानभरपाईचा बोजा सहसा हॉस्पिटलवर येतो, कारण नोकराच्या कामाबद्दल मालक उत्तरदायी. तरी तुझं नाव प्रतिवादीत घातलं जाऊ शकतं. दुसरी वाट कौन्सिलची, तिथं नोंदणीवर कारवाई होऊ शकते. तिसरी फौजदारी. बाई वाचली, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या १२५ कलमापुरता प्रश्न, निष्काळजीपणानं जीव धोक्यात घालण्याचा. तिथंही सुप्रीम कोर्टानं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात डॉक्टरांबाबत सांगितलंय की साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा यांत फरक करायचा, आणि गुन्हा दाखल करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं. तुझ्या प्रकरणात मला घोर काही दिसत नाही. तू लगेच ओळखलंस आणि ॲड्रिनलिन मांडीत, स्नायूत दिलंस, शिरेत नाही. वाट बघत बसली नाहीस. हे निवेदनात वेळेसकट यायला हवं. (या प्रसंगासाठी डॉक्टरांची लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे आधीच देऊन ठेवलेली सूचना, आपत्कालीन ट्रेवर चिकटवलेली असायला हवी. तुमच्याकडे नसेल तर याच आठवड्यात मागून घे, आत्ता कुणी नाही म्हणणार नाही.)

मृत्यू झाला असता तर मात्र एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या १०६ कलमात निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना झाल्यास दोन वर्षांपर्यंत. ती सवलत कुणाला, याची व्याख्या तिथंच दिलीय: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पदवी आणि मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेल्याला. आपलं नाव त्या रजिस्टरमध्ये नसतं. जुन्या दंडविधानात ३०४-अ खाली सगळ्यांना सारखीच दोन वर्षं होती. म्हणजे त्याच खोलीत, त्याच पेशंटवर, डॉक्टरांपेक्षा नर्सच्या डोक्यावरची टांगती तलवार जास्त लांब. हे मला अन्यायाचं वाटतं आणि संघटनांनी यावर बोलायला हवं. पण जोवर आहे तोवर "डॉक्टरांना काही होत नाही, आपल्याला काय होणार" असं समजून चालू नकोस.

माझ्या हातूनही झालंय. नव्वदच्या दशकात मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलात नवीन होते, दुपारची ड्यूटी. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन पाटीलकाकू, एक खानापूर तालुक्यातल्या, दुसऱ्या गोकाककडच्या. (आपल्याकडं पाटील म्हटल्यावर मराठी की कन्नड हेसुद्धा कळत नाही.) इन्सुलिन एकीला होतं. मी दारातूनच "पाटीलकाकू?" म्हटलं, जवळच्या खाटेवरून "हूं" आलं, आणि मी बारा युनिट टोचून मोकळी झाले. पाच मिनिटांनी पलीकडच्या म्हणाल्या, "बाई, माजी सुई ऱ्हायली की." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ग्लुकोज दिलं, दर पंधरा मिनिटांनी साखर बघितली, काकूंना काही झालं नाही. इन्चार्ज सिस्टर केरळच्या होत्या, कडक. त्यांनी मला ओरडण्याआधी वही पुढं सरकवली: लिही. मग म्हणाल्या, आता जाऊन तिला सांग. गोकाकच्या काकूंना माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की चुकून दुसऱ्याचं औषध तुम्हाला दिलं, म्हणून सारखी येऊन बघत होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला. तेव्हापासून मी कधी "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं नाही. "नाव काय तुमचं? गाव कुठलं?" असंच विचारते, आणि उत्तर हातातल्या कागदाशी ताडते. 'हूं' हे उत्तर मी धरत नाही.

यावरून मूळ दुखण्यावर येते. आपल्या भागात औषधाच्या चुकांइतक्याच भाषेच्या चुका होतात, फक्त त्यांची नोंद होत नाही. कणकुंबी-जांबोटीकडून येणारा माणूस मराठी बोलतो, सौंदत्तीकडचा कन्नड, शहरातला कुणी उर्दू. चंदगडहून लोक कोल्हापूरला जायच्या ऐवजी बेळगावला येतात कारण ते जवळ. नर्स कुठली तरी तिसरीच, छापील फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत, आणि मधे दुभाषी म्हणून बिचारी मावशी, जिला 'ॲलर्जी' शब्दाचा अर्थ कुणी सांगितलेलाच नाही. पेशंट 'ॲलर्जी' म्हणतच नाहीत. ते म्हणतात सोसत नाही, उलटतं, अंगावर उठतं, गरम पडतं. तेव्हा "ॲलर्जी हाय काय?" विचारून "न्हाई" आलं तर त्याला काही अर्थ नाही. "आधी कुठल्या गोळीनं, सुईनं खाज, सूज, धाप, चक्कर आली होती का?" असं विचार, आणि पेशंटबरोबर घरच्या बाईलाही विचार. तुझ्याबरोबरच्या कन्नड नर्सना हे चार प्रश्न मराठीत शिकव, त्यांच्याकडून कन्नडमधले शिकून घे. भाषेचं राजकारण ज्याला करायचं त्यानं बेळगावच्या चन्नम्मा चौकात करावं, वॉर्डाच्या दाराशी ते चपलांसारखं काढून ठेवायचं.

मावशींबद्दल एक. त्यांना निरोप देणं गैर नाही, पण निरोप घेणं हे त्यांचं काम ठरवलेलं नसतं, ते आपण त्यांच्यावर ढकललेलं असतं. या प्रकरणात मावशीकडं बोट दाखवायची वेळ येईल, व्यवस्थापनाला ते सोयीचंही पडेल. तू दाखवू नकोस.

भाषेचा प्रश्न सगळ्यात जड होतो तो भाजलेल्या बाईच्या खाटेपाशी. अशा केसमध्ये रात्री दोन-तीनला ती नर्सशीच बोलते, कारण दिवसभर सासरची माणसं भोवती असतात. ती काही सांगायला लागली तर ताबडतोब ड्यूटी डॉक्टरांना बोलाव, पोलिसांना आणि शक्य असेल तर मॅजिस्ट्रेटना कळवायला सांग, नातेवाइकांना बाहेर काढ. कुणी येईपर्यंत ती बोलतच राहिली तर तिचे शब्द तिच्याच भाषेत, जसेच्या तसे लिही, प्रश्नासकट. ती म्हणाली "त्येनं वतलं आन् काडी लावली", तर तेच लिहायचं. 'पतीने रॉकेल ओतून पेटवले' असं शुद्ध करून लिहिलंस की ते तिचं राहत नाही, तुझं होतं, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. डॉक्टरांचं 'शुद्धीवर होती' हे प्रमाणपत्र असलेलं चांगलं. पण ते नाही म्हणून मृत्यूपूर्व जबानी आपोआप बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात ठरवलंय. मी दोनदा साक्षीला उभी राहिलेय. दोन्ही वेळा मला कायद्याचं काही विचारलं नाही. किती वाजले होते, खोलीत कोण होतं आणि ती कुठल्या भाषेत बोलली, एवढंच विचारलं.

अपघात, विष, मारहाण यांच्या केसमध्येही आपल्याकडं सीमेचा घोळ होतो. जखमी महाराष्ट्र हद्दीतला, हॉस्पिटल कर्नाटकात, आणि कुणीतरी म्हणतं आधी तिकडच्या पोलिसांना विचारा. उपचार आधी. हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून पक्कं आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, सूचना आपल्या हद्दीतल्या ठाण्याला द्यायची, पुढं कुठं पाठवायची ते त्यांचं त्यांनी बघावं. अठराच्या आतली मुलगी गरोदर म्हणून आली, तर 'लग्न झालंय हो तिचं' असं घरच्यांनी कितीही सांगितलं तरी पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याच्या १९ कलमाखाली कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर कळवतील म्हणून गप्प बसू नकोस, हे बंधन प्रत्येकावर आहे.

तुझ्या त्या संमतिपत्राकडे येते. साक्षीदाराची सही म्हणजे 'माझ्यासमोर पेशंटला समजावलं गेलं आणि तिनं स्वखुशीनं सही किंवा अंगठा केला' असं तू म्हणतेस. समजावणं डॉक्टरांचं काम. तेही मोघम नाही: काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय. २००८ च्या समीरा कोहली निकालानं हे नीट मांडलंय, एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. फॉर्म कन्नड आणि बाई मराठी असेल तर खाली हातानं एक ओळ लिहून घ्यायची: 'मजकूर मराठीत वाचून सांगितला', सांगणाऱ्याचं नाव, सही, वेळ. समजावताना तू तिथं नव्हतीस तर सही करायची नाही. 'इथं मारा सही' म्हणून गठ्ठा पुढं येतो, ठाऊक आहे मला. मीही सुरुवातीला मारल्यात.

आणि सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची. 'मालक आल्याशिवाय सही करत न्हाई' असं ती म्हणाली तर थांबू, पण आपण मालकाची सही मागायची नाही. गर्भपातासाठीही कायदा तिचीच संमती मागतो, नवऱ्याची नव्हे, आणि तिचं नाव गुप्त ठेवायला सांगतो. लिंगनिदानाचं तर तुला सांगायला नको. पेढा की जिलेबी असल्या खुणाही गुन्हाच, कायद्यात शब्द, खूण वा अन्य कुठल्याही प्रकारे असं लिहिलंय आणि तिथं नोकरी करणाराही त्यात सापडतो. २०१७ मध्ये सीमेलगतच्या म्हैसाळमध्ये १९ भ्रूण सापडले होते. हद्द ओलांडली की कुणी ओळखत नाही, या हिशेबावर तो धंदा चालतो.

एचआयव्हीबाबत एवढंच: फाइलवर लाल पेनानं 'रिॲक्टिव्ह' लिहून ती खाटेला टांगणं २०१७ च्या कायद्याविरुद्ध आहे. काळजी सगळ्यांच्याच रक्ताची घ्यायची, मग लाल पेन लागत नाही.

फोनवरच्या ऑर्डर बंद होणार नाहीत, खासगी नर्सिंग होम रात्री त्यावरच चालतात. पण ऐकलेलं पुन्हा वाचून दाखव: औषध, डोस, मार्ग, पेशंटचं नाव. दुसऱ्या नर्सला स्पीकरवर ऐकव. तिथल्या तिथं 'टेलिफोन ऑर्डर' म्हणून वेळेसकट लिही, आणि सकाळच्या राऊंडला पहिलं काम म्हणजे डॉक्टरांची सही. साहेब चिडतात. पहिले आठ दिवस चिडतात, मग सवयीनं पेन काढतात. आणि ऑर्डरच पटत नसेल तर विचारायचं, पुन्हा विचारायचं, तरी पटलं नाही तर द्यायचं नाही आणि न देण्याचं कारण लिहायचं. इन्सुलिनची बाटली मिलीलीटरला ४० युनिटची आणि सिरिंज १०० युनिटची, हा घोळ अजून होतो. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत ढकलायला कुणी सांगितलं तर नाहीच.

म्हातारीला भेटलीस का? पत्रात नाही ते. जा. वकिलानं गप्प राहा म्हटलं असेल तर कुणाची चूक यावर बोलू नकोस, पण काय झालं ते सांगायला आणि बरं वाटतंय का विचारायला कुठलाच कायदा आड येत नाही. तिला आणि सुनेला औषधाचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दे: 'हे इंजेक्शन सोसत नाही, कुठल्याही दवाखान्यात आधी दाखवा.' डिस्चार्ज कार्डावरही ते यायला हवं, डॉक्टरांच्या सहीनं. त्या घरात हा कागद रेशनकार्डाबरोबर राहील, एवढं मी अनुभवानं सांगते.

आणि कोल्हापूर. जायचं तर जा, पण आत्ता नको. चौकशी चालू असताना राजीनामा दिलास तर सगळं तुझ्या नावावर खपवायला रान मोकळं. निवेदनाची पोच हातात आल्यावर, लेखी नोटीस देऊन, अनुभवाचा दाखला घेऊन नीघ. तुझी नोंदणी कर्नाटकची. निपाणी ते कागल बस अर्ध्या तासाची असली तरी पलीकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल वेगळं. तिथली नोंदणी झाल्याशिवाय वॉर्डात उभी राहू नकोस, आणि 'आधी जॉइन व्हा, कागद नंतर बघू' म्हणणाऱ्या हॉस्पिटलात तर अजिबात नको. बेंगळुरूहून कागद यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज या महिन्यातच टाक.